खडूची फुली

वेंडल टॉलिव्हरच्या बोटांत जादू आहे असं हेलिना गावात सगळेच म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. पण ज्या रेकॉर्डमुळे ती जादू चार राज्यांत पोचली, त्या रेकॉर्डमध्ये बोटांइतकंच काम त्याच्या उजव्या बुटाने केलं होतं. हे वेंडलला पक्कं माहीत होतं. त्यामुळे कुणी कौतुक करायला लागलं की त्याची मान आपसूक खाली जायची, आणि लोक म्हणायचे, बघा, पोरगा किती विनयी आहे.

ती रेकॉर्ड झाली मेम्फिसला, मिस्टर ग्रिग्जच्या स्टुडिओत. स्टुडिओ आपला म्हणायचा. आधी तिथे मोटारींचे रेडिएटर दुरुस्त व्हायचे, आणि उन्हाळ्यात भिंतींना अजून तेलाचा वास सुटायचा. अख्ख्या खोलीत माइक एकच. वाजवणारे पाच आणि ऐकणारा कान एक, तेव्हा कुणाचं किती ऐकू जायचं ते कोण कुठे उभा आहे त्यावर ठरायचं. आवाज मोठा तो मागे, आवाज लहान तो पुढे. ग्रिग्ज काचेपलीकडे बसून ऐकायचा, बाहेर यायचा, एखाद्याला खांद्याला धरून वीतभर सरकवायचा आणि परत आत जाऊन बसायचा. माणूस तिरसट, पण कान सोन्याचे. सगळी सकाळ त्याने ह्यातच घालवली. मनासारखं जमलं तेव्हा खिशातून खडू काढून प्रत्येकाच्या पायाशी त्याने एकेक फुली मारली.

"ही फुली म्हणजे तुमचं घर," तो म्हणाला. "घर सोडून कुणी हिंडायचं नाही."

माइकच्या सगळ्यात जवळची फुली होझियामामाची होती.

होझिया हा वेंडलच्या आईचा भाऊ. आई गेली तेव्हा वेंडल चालायलाही शिकला नव्हता. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं, त्यांनी त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. मामा आठवडाभर कापसाच्या गासड्या बांधायच्या कारखान्यात राबायचा आणि शनिवारी नदीकाठच्या गुत्त्यात सॅक्सोफोन वाजवायचा. पोराचे दात वेडेवाकडे, सॅक्सोफोन ह्याच्या तोंडात बसायचा नाही, म्हणून गिटार मामानेच आणून दिली आणि सूर कसा लावायचा ते गुणगुणून शिकवलं. मामाचं वाजवणं मात्र जगावेगळं होतं. बाकीचे सॅक्सोफोनवाले गालाचे फुगे करून छप्पर उडवायचे, आणि हा कानात सांगितल्यासारखा फुंकायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "ओरडायचं कशाला? ज्याला ऐकायचंय तो येईल जवळ." आणि लोक खरंच जवळ यायचे. नाचता नाचता थांबायचे आणि त्याच्यापुढे येऊन उभे राहायचे.

अशा माणसाला माइकजवळ उभं करण्यात ग्रिग्जची काही मेहेरबानी नव्हती, ती कामाची रीतच होती. वेंडलच्या विजेवरच्या गिटारचा आवाज ज्या खोक्यातून यायचा, त्या खोक्याची रवानगी तिकडे मागे, ड्रमच्याही पलीकडे झाली. त्याचं तोंड भिंतीकडे करून ग्रिग्जने वर एक जाड घोंगडी टाकली.

"मिस्टर ग्रिग्ज, गिटार ऐकू तरी येईल ना?" वेंडलने विचारलं.

"ऐकू येऊ नये म्हणूनच तर टाकलीय घोंगडी."

सगळे हसले. पियानोवर बसलेला डोर्सी, ज्याचं गाणं होतं आणि ज्याचा बँड होता, तो तर खुर्चीवरून पडायचाच राहिला. मामाही हसला. त्याच्या हसण्यात काही वावगं नव्हतं, पण वेंडलला झोंबलं ते तेवढंच. तेविसाव्या वर्षी माणसाला परक्याचं हसणं चालतं, घरच्याचं चालत नाही.

दुपारी ग्रिग्जने जेवायला सोडलं. आपल्या काळ्या लोकांना आत बसू देत नव्हते, कोपऱ्यावरच्या खानावळीच्या मागच्या दारी जे मिळेल ते घ्यायचं होतं, तेव्हा सगळे निघाले. वेंडल म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे, मला एक तार बदलायचीय." ग्रिग्जही कुठेतरी गेला.

माणसाच्या हातून पाप घडून जातं, असं आपण म्हणतो. घडून जात असेल कुणाच्या. वेंडलने केलं ते ठरवून केलं. रिकाम्या खोलीत तो त्या पुढच्या फुलीपाशी थोडा वेळ उभा राहिला. मग बुटाच्या टाचेने ती घासून पुसून टाकली. काचेच्या चौकटीवर खडू पडला होता, तो घेऊन त्याने दोनतीन पावलं मागे, ड्रमच्या अंगाला, तशीच दुसरी फुली मारली. ग्रिग्जच्या फुलीचा एक पाय लांब असायचा, वेंडलने तोही लांब काढला. मग आपल्या खोक्यावरची घोंगडी अर्धी बाजूला केली आणि गुडघ्याने त्याचं तोंड माइककडे फिरवलं. तार बदलायला लागला असता त्याहून कमी वेळ ह्या सगळ्याला लागला.

मंडळी परत आली. मामाच्या हातात कागदात गुंडाळलेला तळलेला मासा होता.

"घे, उपाशी वाजवू नकोस," तो म्हणाला. "काटे काढलेत मी."

वेंडल चार वर्षांचा असताना त्याच्या घशात काटा अडकला होता. तेव्हापासून मामाने त्याच्या पानातल्या माशाचे काटे काढायचं कधी सोडलं नव्हतं. वेंडलने उभ्या उभ्या तो मासा खाल्ला. काय खातोय ते त्याला कळलं नाही.

मामा सॅक्सोफोन गळ्यात अडकवून आपली फुली शोधू लागला. सापडली तिथे जाऊन उभा राहिला. ड्रमवाला म्हणाला, "काय रे होझिया, आज माझ्या मांडीवर बसतोस काय?"

"फुली इथे आहे," मामा म्हणाला. "मालकाने मारलीय म्हणजे विचार करूनच मारली असेल."

आणि त्याने दोन्ही बूट नीट फुलीवर जुळवले.

गाणं डोर्सीचंच, साधंसं, शेवटची फेरीबोट चुकलेल्या एका बाईचं. पण त्या दिवशी ते काही निराळंच वाजलं. वेंडलचा खोका जुना होता, तोंड मोकळं मिळाल्यावर तो गुरगुरायला लागला, गाडीच्या सैल पत्र्यासारखा थरथरायला लागला. काचेपलीकडे ग्रिग्जने मान वर केली. वेंडलला वाटलं, आता थांबवतो. त्याने थांबवलं नाही. गाणं संपल्यावर तो बाहेर आला, जमिनीकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं, मग वेंडलकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"हेच ठेवायचं," तो म्हणाला. "पुढचे लोक यायची वेळ झाली. आवरा."

त्याला कळलं होतं. पण तो धंदेवाला माणूस. ज्याच्या तोंडात साखर पडते तो साखर कुणाच्या घरची हे विचारत नाही.

*

रेकॉर्ड आली ती कापसाची बोंडं फुटायच्या सुमारास. न्हाव्याच्या दुकानात रेडिओ लागला होता आणि मामा खुर्चीत बसला होता, गळ्याभोवती पांढरं कापड. वेंडल बाकावर. निवेदक म्हणाला की आता मेम्फिसहून आलेली ताजी चीज ऐका, आपल्या पलीकडच्या हेलिनाचीच पोरं आहेत. दुकानातल्या दहा-बारा माणसांनी एकमेकांना गप्प केलं. न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला.

गिटार आली ती अंगावरच आली. एकजण "अरे बाप रे" म्हणाला आणि हसू पसरलं. दोघं जागच्या जागी पाय हलवायला लागले. मग मधलं कडवं संपलं आणि सगळ्यांनी मामाकडे पाहिलं, कारण तिथे त्याची पाळी होती हे गुत्त्यात जाणाऱ्या प्रत्येकाला पाठ होतं.

सॅक्सोफोन वाजत होता. पण पलीकडच्या गल्लीत कुणीतरी वाजवत असावं आणि वारा उलटा असावा, असा वाजत होता. वरून वेंडलची गिटार नुसती साथ म्हणून वाजत होती तरी तीच ऐकू येत होती.

"जरा मोठा कर," मामा न्हाव्याला म्हणाला.

न्हाव्याने रेडिओ मोठा केला. गिटार मोठी झाली.

गाणं संपलं. लोक वेंडलच्या पाठीवर थापा मारायला लागले. जुनी माणसं मामाशी काय बोलावं ह्या विचारात पडली. न्हावी भला माणूस, तो म्हणाला, "होझिया, भाच्याला तयार केलंस बाबा." आणि परत साबण लावायला लागला.

मामा आरशातून वेंडलकडे बघत होता. "पोरा," त्याने विचारलं, "मी फुलीवरच उभा होतो ना?"

सांगायचं असतं तर ते तेव्हाच. त्या घडीला सांगितलं असतं तर मामाने चारचौघांत त्याला दोन शिव्या घातल्या असत्या, फार तर एक कानाखाली दिली असती, आणि रात्री मामीच्या हातचं जेवून दोघं एका दिव्याखाली बसले असते. पण बाकावर शेजारी बसलेली माणसं अजून वेंडलचा खांदा धरून होती.

"हो मामा," तो म्हणाला. "फुलीवरच होतास."

"मग वाजवलंच तेवढं मी," मामा म्हणाला, आणि त्याने डोळे मिटून घेतले.

पुढचे दोन महिने वेंडलला स्वर्ग दोन बोटं उरला. ज्या गावी जावं तिथे त्या फेरीबोटीच्या गाण्याची रेकॉर्ड आधीच पोचलेली. ढाब्यांवरच्या, गुत्त्यांमधल्या रेकॉर्ड वाजवणाऱ्या पेट्यांत लोक नाणं टाकायचे आणि तेच गाणं परत परत लावायचे. गोऱ्यांची पोरं, काळ्यांच्या नाचात यायला बंदी म्हणून, हॉलच्या खिडक्यांना बाहेरून लटकून ऐकायची आणि पोलीस आला की पळायची. आजवर सॅक्सोफोन पुढे आणि गिटार मागे अशी रीत होती. आता जो तो बँडवाला आपल्या गिटारवाल्याला म्हणायला लागला, ये बाबा पुढे, तुझा खोका आण इकडे. काहीतरी नवं सुरू झालंय असं सगळे म्हणत होते. वेंडल ऐकायचा आणि मनात म्हणायचा, नवं कसलं, माझ्या बुटाला खडू लागलाय. खाई त्याला खवखवे.

आणि मामा शनिवारी जोर लावून वाजवायला लागला. ज्याने जन्मात आवाज चढवला नाही तो गाल फुगवून, गळ्याच्या शिरा ताणून फुंकायचा. सूर फाटायचा. मधेच खोकला यायचा, मग तो पाठ फिरवून उभा राहायचा. लोक आता त्याच्यापुढे येऊन उभे राहायचे नाहीत. डोर्सी वेंडलला बाजूला घेऊन म्हणाला, "म्हाताऱ्याला झालंय काय? सांग ना त्याला पूर्वीसारखं वाजवायला."

"तूच सांग," वेंडल म्हणाला.

"मी कशाला सांगू? मामा तुझा."

एका दुपारी वेल्मामामीने वेंडलला परसात बोलावलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझा मामा मेणबत्ती पेटवून टेबलाच्या त्या टोकाला ठेवतो आणि ह्या टोकाला बसून फुंकतो. विझली की अजून लांब ठेवतो. माझ्या समोर करत नाही, पण मला दिसतं. वेड लागल्यासारखं करतोय."

वेंडल तिच्यासमोर उकिडवा बसला.

"डॉक्टरने छाती तपासली. म्हणाला, कापसाच्या धुळीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाच्या मानाने चांगली आहे. ह्याचा विश्वास बसत नाही. म्हणतो, डॉक्टरला काय कळतंय, रेकॉर्डवर जगाला ऐकू आलंय." तिने पाल्याची मूठ टोपलीत टाकली. "आता म्हणतो, हे देवाचं काम आहे. शनिवारी सैतानासाठी फुंकलं, म्हणून देवाने श्वास काढून घेतला. पाळकसाहेब काल येऊन गेले. रविवारी हा चर्चमध्ये साक्ष देणार, सगळ्यांपुढे पाप कबूल करणार, आणि सॅक्सोफोन वेदीपाशी ठेवणार आहे. तू बोल रे त्याच्याशी. तुझं ऐकतो तो."

"मामी," वेंडल म्हणाला.

"काय?"

तिच्या हाताला माती होती आणि ती त्याच्याकडे अगदी साध्या डोळ्यांनी बघत होती. त्याच्या खिशात ग्रिग्जचा निरोप होता. पुढच्या रेकॉर्डवर वेंडलचं नाव डोर्सीच्या बरोबरीने येणार होतं, आणि तसाच आवाज हवा होता, अगदी तसाच. वेंडलच्या जिभेवर आलेलं वाक्य परत खाली गेलं.

"बोलतो मी," तो म्हणाला. "रविवारच्या आधी बोलतो."

गुरुवारी तो मामाच्या घरी गेला तेव्हा मामा पायरीवर बसून सॅक्सोफोन पुसत होता. लग्नाला निघालेल्या पोरीची वेणी घालावी तसा, हळू हळू, एकेक बटण. वेंडल शेजारी बसला. कारखान्याचा भोंगा झाला, समोरून माणसं घरी जाताना दिसली, मामाने दोघातिघांना हात केला. वेंडलला सांगता आलं नाही. शुक्रवारीही आलं नाही. शनिवारी तो मामाच्या घराकडे फिरकलाच नाही, आणि गावातल्या गावात माणूस किती लांबचा रस्ता शोधू शकतो ते त्याला त्या दिवशी कळलं.

*

चर्च भरलं होतं. बायांच्या हातात पुठ्ठ्याचे पंखे हलत होते. वेंडल सगळ्यात मागच्या बाकावर बसला, दाराला लागून. साक्षीची वेळ झाली तेव्हा मामा उठून पुढे गेला. आपला रविवारचा कोट घातला होता. सॅक्सोफोन त्याने लहान मूल धरावं तसा दोन्ही हातांवर धरला होता.

"मंडळी," तो म्हणाला, "मी बोलणारा माणूस नाही."

"बोल भाऊ," कुणीतरी म्हणालं.

"प्रभूने मला श्वास दिला होता. मी तो शनिवारी गुत्त्यात खर्चला आणि रविवारी इथे येऊन उरलेल्या श्वासाने गाणी म्हटली. शेवटच्या बाकावर बसून, म्हणजे देवाला दिसणार नाही."

"आमेन," मंडळी म्हणाली. एकदोघं हसलीही.

"त्याला दिसत होतं. त्याने मला इशारा दिला. साऱ्या जगाला ऐकू जाईल असा दिला. मी जीव तोडून फुंकलं आणि आवाज आलाच नाही." त्याने सॅक्सोफोन छातीशी धरला. "मी त्याच्यावर रागावलो होतो. घरात, एकटा असताना, त्याला नको ते बोललो. त्याचीही माफी मागतो. आजपासून मी हे तोंडाला लावणार नाही. माझा शब्द आहे."

त्याने सॅक्सोफोन वेदीच्या पायरीवर ठेवला. बाया रडायला लागल्या. वेल्मामामीने पंख्याआड तोंड लपवलं. वेंडल उठून उभा राहिला.

"मला बोलायचंय," तो म्हणाला.

साक्षीच्या वेळी कुणीही उठावं अशी रीतच आहे. सगळी डोकी मागे वळली.

"मामाचा श्वास गेला नाही," वेंडल म्हणाला. "देवाने काही नेलं नाही. ते मी केलं."

"सांग बाळा," पुढून एक म्हातारी म्हणाली.

"मेम्फिसला. ते जेवायला गेले होते तेव्हा. मी त्याची फुली पुसली."

"आमेन. सगळं पुसून टाक."

"तसं नाही. खडूची फुली. मी ती मागे मारली, माझी गिटार पुढे यावी म्हणून."

"पुढे ये, पुढे ये," मंडळी म्हणायला लागली. पियानोवाल्या बाईने, कुणी साक्ष द्यायला उठलं की देते तसे, खालचे सूर धरले. टाळ्या सुरू झाल्या, दुसऱ्या ठोक्याला आणि चौथ्या ठोक्याला. फेरीबोटीच्या गाण्यात जिच्यावर लोक वेडे झाले होते तीच टाळी. डोर्सीने ती इथूनच उचलली होती. वेंडल बोलत राहिला. फुली, खोका, घोंगडी, ग्रिग्ज, सगळं सांगत राहिला. त्याला स्वतःचे शब्द ऐकू येईनात. तो ओरडला, तर त्याच्याहून मोठ्याने आमेन आलं. पाळकसाहेबांनी दोन्ही हात वर केले.

"बघा मंडळी," ते म्हणाले. "मामाचं ओझं भाच्याने उचललं. मामाचं पाप तो स्वतःच्या शिरावर घेतोय. ह्याला म्हणतात प्रेम."

एकच गजर झाला. कुणीतरी वेंडलला मिठी मारली. शेजारच्या म्हाताऱ्याने त्याचे डोळे पुसले. एवढ्या सगळ्या माणसांत टाळ्या न वाजवणारा एकच होता, आणि तो वेदीपाशी उभा राहून, मान किंचित तिरकी करून, ऐकत होता. होझियामामाचे कान. गुत्त्याच्या कल्लोळात चुकलेली एक तार ज्याला ऐकू यायची, त्याला हे काय अवघड होतं.

सभा सुटली. लोक बाहेर सावलीत उभे राहून वेंडलशी हात मिळवत होते, आणि आयुष्यात एवढी शिक्षा त्याला कुणी केली नव्हती. मामा आला तेव्हा माणसं बाजूला झाली.

"कुठली फुली?" मामाने विचारलं. हळू आवाजात, त्याच्या नेहमीच्या.

"तुझी."

"बुटाने?"

"हो."

"मासा आणला होता मी तेव्हा."

"हो मामा."

मामा नदीच्या बाजूला वळला. "आणि न्हाव्याकडे विचारलं होतं मी तुला," तो म्हणाला. "तोंडाने विचारलं होतं."

वेंडलने होकाराची मान हलवली.

आत चर्चचा कारभारी डीकन सॅक्सोफोन उचलून मागच्या खोलीत नेत होता. दारातून त्याचं पितळ एकदा चमकलं. वेंडल म्हणाला, "मी परत आणतो. पाळकसाहेबांना समजावून सांगतो. त्यांचे पाय धरतो."

"काय सांगशील? आता सांगितलंस की. ऐकलं का कुणी?"

"तू सांग. तुझं ऐकतील."

"मी शब्द दिलाय," मामा म्हणाला. "माणसाला दिला असता तर मागे घेतला असता. देवाला काय सांगू, की चूक झाली, तुझा ह्यात हात नव्हता, माझं वाजवायचं परत दे? अर्ध्या तासापूर्वी त्याच्याच दारात त्याच्यावर आळ घेतला मी. सगळ्या गावाने त्यावर आमेन म्हटलं."

अर्धा तास. वेंडल त्याच्या आधी उठला असता तर. गुरुवारी पायरीवर बोलला असता तर. आरशात बघून हो म्हणाला नसता तर. कितीतरी ठिकाणी थांबता आलं असतं, आणि प्रत्येक ठिकाणी तो पुढेच गेला होता.

"मला मार मामा," तो म्हणाला. "काहीतरी कर."

"चल, मामीने कोंबडी केलीय," मामा म्हणाला.

मामी शेजारणींबरोबर पुढे निघून गेली होती. दोघं धुळीच्या रस्त्याने निघाले. लहानपणापासून वेंडल ह्या रस्त्याने मामाचं बोट धरून आला होता, मोठा झाल्यावर खांद्याला खांदा लावून. थोडं गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की शेजारी कुणी नाही. त्याने वळून पाहिलं. मामा दोनतीन पावलं मागे होता. वेंडल थांबला. मामाही थांबला.

"ये ना," वेंडल म्हणाला.

मामाने खाली बघून आपले दोन्ही बूट नीट जुळवले.

"तू चाल पुढे," तो म्हणाला. "माझी जागा इथे आहे."